पायवाट कुठली आणि ढोरवाट कुठली: पन्हाळा-पावनखिंडला निघालेल्यांसाठी

दर आषाढात पन्हाळा-पावनखिंड ट्रेकचे ग्रुप निघतात आणि दरवर्षी कुणीतरी पहिल्याच दिवशी मसाई पठार ओलांडून कुंभारवाडीकडं उतरताना भरकटतं. नंतर कारण एकच ऐकायला मिळतं, "अहो पण वाट चांगली मळलेली होती!" होतीच मळलेली, पण ती म्हसरांनी.

पायवाट म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये, वाडीतून वाडीत नाहीतर देवळाला, खिंडीकडं जाणारी. ढोरवाट गुरांची, चरायला आणि पाण्याला जाणारी. शेण दिसलं की ढोरवाट, खुरांचे ठसे दिसले की ढोरवाट, हे जे एकमेकांना सांगत असतात ना ते आधी सोडून द्या. सकाळी गुरं वाडीतून बाहेर पडतात ती पायवाटेनंच, त्यामुळं शेण आणि ठसे दोन्हीकडं असतात.

खरी गोची फाट्यावर होते. वाडीपासून थोडं लांब गेलं की गुरं एकीकडं वळतात आणि माणसाची वाट दुसरीकडं जाते, आणि तिथं ढोरवाट जास्त रुंद असते! साधी गोष्ट आहे, तीस-चाळीस जनावरं रोज दोनदा तिथनं जातात आणि पायवाटेनं दिवसाला चार माणसं गेली तर गेली. आपण शहरातली माणसं, रुंद दिसलं की तोच मेन रस्ता धरतो.

म्हणून फाट्यावर जमिनीकडं बघू नका, वर बघा. पायवाटेवर बाई डोक्यावर मोळी घेऊन जाते, तेवढी उंची मोकळी असते आणि आडव्या आलेल्या फांद्यांवर कोयत्याचे घाव दिसतात. ढोरवाट खालून एकदम ऐसपैस, पण कमरेच्या वर करवंदीची जाळी तशीच. म्हैस खालनं निघून जाते आणि तुमची सॅक अडकते. दोन-तीनदा सॅक अडकली आणि वाकून चालावं लागलं की थांबा, तुम्ही म्हसरांच्या मागं निघालाय.

पठारावर झाडंच नाहीत, तिथं दुसरी खूण. पायवाट एकच राहते, ढोरवाटेला पुढं फाटे फुटत जातात, एकाच्या तीन, तिनाच्या सात, आणि गवतात विरून जातात. उतारावर तर एकावर एक आडव्या ओळी दिसतात, लांबून पायऱ्याच वाटतील, पण त्यातली एकही खाली उतरत नाही. पायवाट त्या ओळी तोडत खाली जाते. शंभर पावलांत वाट बारीक झाली तर परत फिरा, खाली गाव दिसतंय म्हणून सरळ उतरायला जाऊ नका. गुरं कड्याच्या टोकापर्यंत चरतात आणि मागं वळतात, माणसं तिथनं खाली उतरायला बघतात आणि अडकतात.

एकदा धुक्यात आमचे सव्वीस जण असेच निघाले होते, लीडर फोनमधला कुणाचातरी ट्रॅक, म्हणजे कुणीतरी आधी चालून गेलेल्या वाटेची नोंद, बघत पुढं. (हा ट्रॅक प्रकार मला मनापासून पटत नाही, भरकटलेल्या माणसाचाही ट्रॅक तेवढाच झकास दिसतो.) इरलं घेतलेले एक मामा गुरांमागं उभे होते, त्यांनी हाक मारली, "ओ पावणं, ती पाण्याला जाती, वाडीला न्हाई!" मग पाचशे पावलं मागं आलो, तर खरी वाट एका दगडाच्या कडेनं हातभर रुंदीची निघाली होती, सगळे ती न बघताच पुढं गेलो होतो.

आणि हा ट्रेक लोक ऑक्टोबरात करणार नाहीत. महाराज पन्हाळ्यावरनं निघाले ते १२ जुलै १६६० च्या रात्री, म्हणून सगळ्यांना याच दिवसांत जायचं असतं आणि ते बरोबरच आहे, मीपण तेव्हाच जातो. पण धुकं, चिखल आणि चरणारी गुरं तिन्ही एकदम असतात, तेव्हा प्रत्येक वाडीच्या शेवटच्या घरात विचारूनच पुढं निघायचं. खडकावर ऑइलपेंटचे बाण मारत सुटू नका.

ग्रुप मोठा असेल तर अजून एक. पुढच्या वीस जणांनी ढोरवाट धरली की चिखलात बुटांचे ठसे उठतात आणि मागचे डोळे झाकून तिकडंच जातात. म्हणून फाट्यावर एकानं उभं राहायचं, शेवटचा माणूस येऊन पुढं जाईपर्यंत, कितीही पाऊस असला तरी.