बेशिकताशमधील राजवाडे

इस्तंबूलच्या युरोपीय भागात, बॉस्फोरसच्या काठी वसलेल्या बेशिकताश विभागातील ऑस्मानी सुलतानांची निवासस्थाने. विभागाच्या नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही जण ‘बेशिक’ (पाळणा) व ‘ताश’ (दगड) अशी फोड करून येशूच्या पाळण्याच्या दंतकथेतील शिळेशी ते जोडतात. दुसऱ्या मतानुसार नौसेनापती हायरेद्दीन बार्बारोसा (मृ. १५४६) याने जहाजे किनाऱ्याला दोरांनी बांधून ठेवण्यासाठी रोवलेल्या पाच खांबांवरून (‘बेश ताश’) ते आले. मात्र या जागेच्या ‘दिप्लोकिओनिओन’ या ऑस्मानी काळापूर्वीच्या बायझंटिन नावाचा अर्थच ‘जोडस्तंभ’ असल्याने येथील खांबांची स्मृती बार्बारोसाहून जुनी ठरते. त्यामुळे दुसरे मत जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. बार्बारोसाची, वास्तुविशारद सिनानने बांधलेली कबर येथेच आहे.

दोल्माबाहचे या राजवाड्याच्या नावाचा अर्थ ‘भराव घातलेली बाग’. ‘बाहचे’ आणि आपला ‘बगीचा’ यांचे फार्सी मूळ एकच. सतराव्या शतकात येथील लहान खाडी बुजवण्यात आली. सुलतान अब्दुल मजीद (पहिला) याने तेथील जुना वाडा पाडून वास्तुविशारद गाराबेत बाल्यान व त्याचा मुलगा निगोगायोस यांच्याकडून २८५ खोल्यांचा सध्याचा राजवाडा उभारला. बांधकामाचा आरंभ बहुधा १८४३ चा, पूर्तता १८५६ ची. समारंभ-दालनातील सु. साडेचार टनांचे झुंबर ही व्हिक्टोरिया राणीची भेट, असे दीर्घकाळ लिहिले गेले. २००६ मध्ये सापडलेल्या पावतीवरून त्याची पूर्ण किंमत चुकती झाल्याचे दिसते. जुन्या ग्रंथांतील विधान त्यानुसार दुरुस्त करून वाचावे. तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक मुस्तफा केमाल अतातुर्क यांचे निधन याच वाड्यात १० नोव्हेंबर १९३८ रोजी झाले. त्यांच्या खोलीतील घड्याळाचे काटे आजही ९ वाजून ५ मिनिटांवर, म्हणजे निधनाच्या वेळेवर, आहेत.

चिराआन या राजवाड्याच्या नावात ‘चिराग’ आहे. अठराव्या शतकातील, ट्यूलिप फुलांच्या वेडावरून ओळखल्या जाणाऱ्या ट्यूलिप-पर्वात येथील बागेत रात्री कासवांच्या पाठीवर मेणबत्त्या ठेवून ताटव्यांतून सोडीत, असे वर्णन आढळते. सध्याचा संगमरवरी वाडा सुलतान अब्दुल अझीझच्या काळातील. तो १८६७ मध्ये पुरा झाला की १८७१ च्या सुमारास, यावर एकमत नाही. पदच्युत सुलतान मुराद (पाचवा) १९०४ मध्ये मरेपर्यंत येथे बंदिवासात होता. जानेवारी १९१० च्या आगीत बाह्य भिंतीच उरल्या. आज तेथे हॉटेल असून अंतर्भाग नवा आहे.

समुद्रमार्गे हल्ल्याच्या भीतीने सुलतान अब्दुल हमीद (दुसरा) टेकडीवरील यिल्दिझ राजवाड्यात राहावयास गेला. तेथील शाले या अतिथिगृहाचा विस्तार जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मच्या भेटींसाठी झाला. त्यातील हेरेके येथे विणलेला गालिचा ४०० चौ. मी. हून मोठा आहे.

आतल्या भागातील इहलामूर हे अब्दुल मजीदच्या काळातील दोन लहान वाड्यांचे विश्रामस्थान आहे.