१६ ऑगस्ट : लोकप्रिय संगीताच्या इतिहासातील दिनविशेष

लोकप्रिय संगीताच्या दिनविशेषांत १६ ऑगस्ट ही तारीख मुख्यतः तीन अमेरिकन कलावंतांच्या मृत्यूमुळे नोंदली जाते : ब्लूज गायक व गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन (१९३८), रॉक अँड रोल गायक एल्व्हिस प्रेस्ली (१९७७) आणि सोल गायिका अरीथा फ्रँकलिन (२०१८). बीटल्स या इंग्लिश गटातून ड्रमवादक पीट बेस्टची झालेली गच्छंती (१९६२) आणि वुडस्टॉक या संगीत महोत्सवाचा दुसरा दिवस (१९६९) याही याच तारखेच्या घटना. या तारखेभोवतीचे वलय मात्र बरेचसे मागाहून निर्माण झालेले दिसते. जॉन्सनच्या मृत्यूची तारीख सांगणारा दाखला १९६८ मध्ये संशोधकांच्या हाती आला, त्यामुळे त्याआधी ही तारीख स्मरणात ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

जॉन्सनचा मृत्यू मिसिसिपी राज्यातील ग्रीनवुड या गावाच्या परिसरात झाला. ८ मे १९११ ही सर्वसाधारणपणे मान्य झालेली जन्मतारीख धरल्यास तो तेव्हा २७ वर्षांचा होता. नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनिओ येथे व जून १९३७ मध्ये डॅलस येथे मिळून त्याची २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली होती. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये २३ डिसेंबर १९३८ रोजी व्हावयाच्या कृष्णवर्णीय संगीताच्या मैफलीसाठी निर्माता जॉन हॅमंड त्याला बोलावू पाहत होता. निधनाची बातमी कळल्यावर त्याच्या जागी बिग बिल ब्रून्झी गायला आणि जॉन्सनच्या तबकड्या रंगमंचावर वाजविण्यात आल्या. म्हणजे मृत्यूची वार्ता त्याच वर्षी न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली होती. दिवस, ठिकाण आणि कारण यांचा उलगडा व्हायला मात्र तीन दशके जावी लागली.

हा मृत्यूचा दाखला ब्लूजचा संशोधक गेल डीन वॉर्डलो याने शोधून काढला. त्यात मृत्यूच्या कारणाच्या जागी कोणताही रोग लिहिलेला नसून, डॉक्टर नव्हता, एवढाच शेरा आहे. दाखल्याच्या मागील बाजूस निबंधकाने चौकशी करून लिहिलेली टिपणी अधिक बोलकी आहे. तिच्यानुसार हा सुमारे २६ वर्षांचा माणूस मृत्यूपूर्वी दोन-तीन आठवडे मळ्यावरील नाचाच्या कार्यक्रमात बँजो वाजविण्यासाठी आला होता. त्याने मळेमालकाकडे काम केलेले नसल्याने मालकाने त्याच्यासाठी डॉक्टर आणविला नाही. काउंटीने पुरविलेल्या घरगुती बनावटीच्या शवपेटीतून त्याचे दफन झाले. आणि तो उपदंशाने मेला असावा, असे मालकाचे मत होते. ज्याच्या गिटारवादनाचा पुढे जगभर अभ्यास झाला त्याची सरकारदरबारी बँजोवादक म्हणून नोंद व्हावी, यावरून टिपणीतील इतर तपशिलांवरही किती भिस्त ठेवावी, असा प्रश्न पडतो. उपदंशाचे निदान वैद्यकीय तपासणीविना आणि जबाबदारी टाळू पाहणाऱ्या व्यक्तीकडून आलेले असल्याने बहुतेक अभ्यासक ते गौण मानतात.

मौखिक परंपरेचा कल विषप्रयोगाकडे आहे. जॉन्सनचा सहकारी डेव्हिड ‘हनीबॉय’ एडवर्ड्स याच्या आठवणींनुसार ग्रीनवुडजवळच्या एका गुत्त्यात वादन चालू असताना त्याला विष घातलेली व्हिस्की देण्यात आली आणि एका स्त्रीशी असलेला त्याचा संबंध हे त्यामागचे कारण होते. लोकप्रिय लेखनात हे विष स्ट्रिक्निन असल्याचे सर्रास सांगितले जाते. परंतु स्ट्रिक्निन अत्यंत कडू असते आणि त्याचा प्राणघातक परिणाम सामान्यतः काही तासांतच होतो, तर जॉन्सन काही दिवस खितपत पडून मेला, असे सांगितले जाते. त्यामुळे हे मत टिकणारे नाही. त्याच्या एका छायाचित्रातील लांबसडक बोटांवरून मारफान या संयोजी ऊतींच्या आनुवंशिक विकाराचा तर्कही केला गेला आहे, पण केवळ छायाचित्रावर त्याची उभारणी आहे. चरित्रकार ब्रूस कॉनफोर्थ आणि वॉर्डलो यांनी २०१९ मध्ये मांडलेले मत असे की, डांबराच्या गोळ्या विरघळवलेली दारू देण्यात आली, तिने आधीपासूनचा जठरव्रण चिघळला आणि अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊन मृत्यू ओढवला. एरवी सहसा प्राणघातक न ठरणारा पदार्थ, पूर्वीचा आजार आणि मृत्यूला लागलेला विलंब या तिन्हींचा मेळ त्यात बसत असल्याने तूर्त हेच मत ग्राह्य धरणे सयुक्तिक ठरते. दफनस्थानाबाबतही एकवाक्यता नाही. ग्रीनवुडच्या परिसरातील तीन दफनभूमींत त्याच्या नावाचे स्मृतिशिलालेख आहेत. त्यांपैकी गावाच्या उत्तरेकडील लिटल झायन चर्चच्या आवाराला, थडगे खोदणाऱ्याच्या पत्नीने दिलेल्या साक्षीमुळे, अधिक पाठिंबा मिळतो. गिटारवादनातील प्रावीण्यासाठी जॉन्सनने चव्हाट्यावर सैतानाशी केलेल्या कराराची सुपरिचित दंतकथा या चर्चेत कोणताही पुरावा पुरवीत नाही.

प्रेस्लीच्या बाबतीत तारखेचा वाद नाही. १६ ऑगस्ट १९७७ रोजी दुपारी मेम्फिस येथील ग्रेसलँड या निवासस्थानी तो स्नानगृहात निश्चेष्ट आढळला आणि रुग्णालयात नेल्यावर त्याला मृत घोषित करण्यात आले. तो ४२ वर्षांचा होता आणि दुसऱ्याच दिवशी पोर्टलंड (मेन) येथून त्याचा नवा दौरा सुरू व्हायचा होता. त्याच संध्याकाळी, म्हणजे विषद्रव्य तपासणीचे निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच, वैद्यकीय परीक्षक जेरी फ्रान्सिस्को याने हृदयाची लय बिघडल्याने मृत्यू झाल्याचे जाहीर केले. पुढे प्रयोगशाळांना शरीरात अनेक औषधांचे अंश सापडले आणि बहुऔषधसेवन हेच मूळ कारण होते, असा पक्ष उभा राहिला. १९९४ मधील फेरतपासणीने मात्र पुन्हा हृदयविकाराकडेच बोट दाखविले. शवविच्छेदन कुटुंबाच्या संमतीने खाजगी स्वरूपात झाल्याने त्याचा संपूर्ण अहवाल खुला झाला नाही. मोठे झालेले हृदय आणि दीर्घकाळचे औषधसेवन ही दोन कारणे एकमेकांना वगळणारी नाहीत, हे या वादात पुष्कळदा नजरेआड होते. दरवर्षी १५ ऑगस्टच्या संध्याकाळी ग्रेसलँडच्या फाटकापासून थडग्यापर्यंत चाहत्यांची मेणबत्त्यांसह रांग लागते आणि ती १६ च्या पहाटेपर्यंत चालू राहते.

बीटल्सचा व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन याने १६ ऑगस्ट १९६२ रोजी लिव्हरपूल येथील आपल्या कार्यालयात बोलावून बेस्टला गटातून काढल्याचे सांगितले. जूनमधील चाचणी ध्वनिमुद्रणानंतर निर्माता जॉर्ज मार्टिन याने ध्वनिमुद्रणासाठी दुसरा वादक घेण्याचा मानस व्यक्त केला होता. सहकाऱ्यांशी न जुळणारा स्वभाव आणि बेस्टच्या लोकप्रियतेविषयीची असूया ही कारणेही सांगितली जातात, पण त्यांचा आधार मुख्यतः नंतरच्या आठवणी हाच आहे. त्याच्या जागी आलेला रिंगो स्टार १८ ऑगस्टला प्रथम अधिकृतपणे गटाबरोबर वाजविण्यास बसला.

न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे भरलेल्या वुडस्टॉकच्या बाबतीत तारीख थोडी सावधपणे वापरावी लागते. शनिवार, १६ ऑगस्ट १९६९ च्या कार्यक्रमात सांताना, जॅनिस जॉपलिन, द हू आदींची नावे दिली जातात. परंतु वेळापत्रक कोलमडल्याने द हू या गटाचे वादन प्रत्यक्षात १७ च्या पहाटे झाले आणि जेफरसन एअरप्लेन हा गट तर उजाडल्यावर मंचावर आला.

फ्रँकलिनचे डेट्रॉइट येथे वयाच्या ७६ व्या वर्षी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. तिचा जन्म मेम्फिसचा, प्रेस्लीची कर्मभूमीही तीच, हा योगायोग मृत्युलेखांत वारंवार नोंदविला गेला. तिच्या पश्चात दोन हस्तलिखित मृत्युपत्रांवरून वाद उद्भवला आणि जुलै २०२३ मध्ये ज्यूरीने, कोचाच्या गाद्यांखाली सापडलेले २०१४ चे मृत्युपत्र ग्राह्य ठरविले. जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स (१९२९) आणि पॉप गायिका मॅडोना (१९५८) यांचा जन्मही १६ ऑगस्टचाच आहे.