मॅन्युअल फोकस लेन्सने पक्षीछायाचित्रण

फिल्म कॅमेऱ्यांच्या काळातल्या, रिंग हाताने फिरवून फोकस कराव्या लागणाऱ्या टेलीफोटो लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर लावून पक्ष्यांचे फोटो काढण्याची पद्धत. 300 ते 500 मिमी फोकल लेंग्थच्या (हा आकडा जितका मोठा, तितका पक्षी जवळ दिसतो) जुन्या लेन्स नव्या ऑटोफोकस लेन्सच्या मानाने बऱ्याच स्वस्तात मिळतात, म्हणून बहुतेक जण इकडे वळतात.

कुठली लेन्स कुठल्या कॅमेऱ्यावर चालेल, हे माउंटपासून (कॅमेऱ्यावर लेन्स जिथे बसते ती कडी) सेन्सरपर्यंतच्या अंतरावर ठरते. कॅननच्या एफडी लेन्सना ते 42 मिमी लागते, पण कॅननच्याच ईओएस डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) ते 44 मिमी असल्याने, आत काच नसलेल्या अडॅप्टरने (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याने) दूरचा पक्षी फोकसमध्ये येतच नाही. आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी ही अडचण मिटवली. सोनी ई माउंटचे अंतर 18 मिमी, निकॉन झेडचे 16 मिमी. उरलेली जागा पोकळ अडॅप्टर भरून काढतो. कॅमेऱ्याला लेन्स ओळखता येत नाही, त्यामुळे बॉडीतले स्थिरीकरण (हाताची थरथर भरून काढणारी सोय) नीट चालायला फोकल लेंग्थ आपणच मेनूत भरावी लागते. हे हमखास विसरले जाते.

खरी कसोटी फोकसची. फुल फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर 400 मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) एफ/5.6 आणि पक्षी 10 मीटरवर असेल, तर जेमतेम 20 सेंमीचा पट्टा स्पष्ट येतो. 5 मीटरवर तो 5 सेंमीच उरतो. चोच धारदार आणि डोळा पुसट असे फोटो यातूनच निघतात, आणि असा फोटो ठेवण्यात काही अर्थ नाही. फोकस पीकिंग या कॅमेऱ्यातल्या सोयीने स्पष्ट कडा रंगीत दिसतात खऱ्या, पण पिसांची नक्षी दाट असली की अख्खा पक्षीच रंगून जातो. त्यापेक्षा व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा मोठा करून पाहणे भरवशाचे.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पक्ष्याच्या सवयीवर विसंबणे. वेडा राघू माशी पकडून बहुधा त्याच काडीवर परततो. काडीच्या टोकावर आधीच फोकस लावून ठेवायचा. तो टेकला, माशी काडीवर आपटू लागला, की रिंग केसभर पुढेमागे सरकवत सलग चार-पाच फोटो घ्यायचे; त्यातल्या एखाद्यात लालसर डोळा लख्ख सापडतो. उडत्या पक्ष्यासाठी मात्र हाताला वळण लागावे लागते. निकॉनची रिंग इतर बऱ्याच कंपन्यांच्या उलट फिरते, म्हणून शिकताना एकाच कंपनीची लेन्स धरावी. नोव्होफ्लेक्सच्या काही लेन्सना पिस्तुलासारखी मूठ असून ती दाबून फोकस होतो. घिरट्या घालणाऱ्या घारीसाठी ही रचना फार सोयीची.

साध्या काचेच्या जुन्या लेन्सवर बगळ्याच्या पांढऱ्या पिसांना जांभळी-हिरवी किनार येते. अ‍ॅपर्चर लहान करून एफ/8 केल्यास ती थोडी कमी होते. ईडी किंवा फ्लोराइट (रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेच्या वा स्फटिकाच्या) भिंगांच्या लेन्समध्ये हा दोष बराच कमी असतो. 500 मिमी एफ/8 च्या मिरर लेन्स (भिंगांसोबत आरसे वापरणाऱ्या) हलक्या असतात, पण मागच्या पानांतल्या प्रकाशठिपक्यांची कडी होतात आणि अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. जुनी लेन्स घेताना मागून टॉर्चचा प्रकाश टाकून आत बुरशीचे तंतू आहेत का, ते पाहावे.