न्यूझीलंडमधील युद्धस्मारक सभागृहे : पार्श्वभूमी

न्यूझीलंडच्या ग्रामीण गावांतील युद्धस्मारक सभागृहे राखायची की पाडायची, हा वाद आज मुख्यतः भूकंपाच्या धोक्यावरून चालतो. त्याचे मूळ मात्र १९४६ च्या एका सरकारी निर्णयात आहे.

पहिल्या महायुद्धात या देशाचे सुमारे १८ हजार लोक गेले. मृतदेह मायदेशी आणले जात नसल्याने गावातल्या दगडी स्तंभावर कोरलेले नावच अनेक कुटुंबांना कबरीच्या ठिकाणी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने वेगळी वाट धरली : स्मारक म्हणून सामाजिक केंद्र बांधले, तर लोकवर्गणीच्या प्रत्येक पौंडामागे सरकारचा एक पौंड. मृतांच्या नावाने नाचगाणी आणि लग्नाच्या पंगती शोभतात का, असा आक्षेप तेव्हाच निघाला. गाव एकत्र येते तेच खरे ‘जिवंत स्मारक’, असे समर्थकांचे म्हणणे होते. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, पण गावांची निवड पूर्णपणे मोकळी नव्हती, हे सहसा सांगितले जात नाही. केवळ स्तंभ हवा असलेल्या गावाला या अनुदानाचा उपयोग नव्हता, आणि अनेकांनी जुन्याच स्तंभावर नवी नावे कोरून घेतली. ज्यांनी सभागृह निवडले, त्यांनाही घरबांधणीला प्राधान्य देणाऱ्या निर्बंधांमुळे आणि साहित्याच्या टंचाईमुळे थांबावे लागले. म्हणून यांतल्या बऱ्याच इमारती १९५० च्या दशकातल्या आहेत. प्रवेशदालनात नामफलक, आत रंगमंच आणि नाचासाठी लाकडी जमीन, मागे स्वयंपाकघराला लागून जेवणाची खोली, असा त्यांचा साधारण आराखडा असतो.

वारसामूल्य ठरवताना हा साधेपणाच आड येतो. १९६० मध्ये खुल्या झालेल्या व्हांगानुईच्या स्मारक सभागृहाला वास्तुरचनेसाठी सुवर्णपदक मिळाले. लहान गावांच्या सभागृहांकडे दाखवण्यासारखे असे क्वचितच काही असते. शिवाय, २०१४ च्या कायद्याखालील राष्ट्रीय वारसा सूचीत नाव आले म्हणजे इमारत वाचली, असा समज चुकीचा आहे. ती नोंद मुळात मूल्य मान्य करते. पाडण्यावर प्रत्यक्ष बंधन येते ते स्थानिक विकास आराखड्यातून. तो आराखडा करणारी परिषद बहुधा सभागृहाची मालकही असते, ही अडचण बाजूला ठेवण्याजोगी नाही.

क्राइस्टचर्चच्या २०११ च्या भूकंपानंतर नियम कडक झाले. २०१७ पासून लागू झालेल्या पद्धतीत, नव्या इमारतीसाठीच्या मानकाच्या ३४ टक्क्यांहून कमी ठरलेली इमारत भूकंपप्रवण म्हणून जाहीर होऊ शकते, आणि बळकटीचा खर्च थोड्या करदात्यांच्या माथी येतो. नामफलक नव्या इमारतीत हलवला की स्मारक राखले गेले, हा युक्तिवाद अशा वेळी हमखास पुढे येतो. १९४६ चे अनुदान मात्र फलकासाठी नव्हे, सभागृहासाठी होते.