ऑफिसातल्या कार्पेट टाइल्स: शॅम्पू मारायच्या आधी एवढं वाचा

आमच्याकडे फोन येतो तो बहुतेक वेळा असाच, "कार्पेट काळं पडलंय, शॅम्पू मारून द्या." मारून देऊ, धंदाच आहे आमचा, पण जाऊन बघितलं की पुष्कळ ऑफिसांत दिसतं काय, तर शॅम्पूची गरजच नव्हती, रोजचा व्हॅक्यूम नीट लागला असता तर तेवढ्यावर भागलं असतं. म्हणून हे पत्रक. ॲडमिनने वाचावं आणि हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला तर नक्कीच फॉरवर्ड करावं.

ऑफिसची टाइल म्हणजे घरातला गालिचा नव्हे. साधारण ५० बाय ५० सेंटीमीटरचा तुकडा, वर नायलॉनची नाहीतर पॉलीप्रॉपिलीनची आखूड लूप, खाली पीव्हीसी किंवा बिट्युमेनचं जड बॅकिंग. बॅकिंगमधून पाणी सहसा झिरपत नाही, पण दोन टाइलच्या मधल्या फटीतून आरामात जातं, आणि हिंजवडी-खराडीकडच्या बऱ्याच ऑफिसांत टाइलच्या खाली रेझ्ड फ्लोअर, म्हणजे मूळ जमिनीपासून वर उचलून बसवलेली फरशी, आणि त्याखाली सगळ्या वायरी असतात. त्यामुळे बादलीभर साबणाचं पाणी ओतून ब्रशने खसाखसा घासायचं, हा प्रकार इथे चालत नाही. खालचा गम ओला झाला की कोपरे उचलायला लागतात आणि मग खुर्चीचं चाक बरोब्बर त्याच कोपऱ्यात अडकतं.

कार्पेटमधली बहुतेक घाण कोरडीच असते. बुटांबरोबर आलेली माती, बारीक वाळू, केस, कागदाचा आणि कपड्यांचा भुसा. यातली वाळू सगळ्यात वाईट, तिचे कण धारदार असतात, वरून माणसं चालली की ते धाग्याला घासतात आणि धाग्याची चकाकी जाते. लिफ्टसमोर आणि पँट्रीच्या दारात जो करडा पट्टा दिसतो ना, त्यातला बराचसा भाग हा असा झिजलेला धागा असतो, तिथे घाण नसतेच, मग कितीही धुतलं तरी निघणार काय? तो पट्टा पडू नये याचा उपाय म्हणजे दाराशी चांगलं लांब मॅट, निदान चार-पाच पावलं पडतील एवढं, आणि रोज व्हॅक्यूम.

आता व्हॅक्यूम. बहुतेक ठिकाणी तो गोल डब्याचा ओला-सुका व्हॅक्यूम असतो आणि मुलगा चालता चालता नळी फिरवत जातो. त्याने वरचे कागदाचे कपटे निघतात, मुळाशी बसलेली वाळू हलतसुद्धा नाही. कार्पेटला फिरता ब्रश असलेला उभा व्हॅक्यूम पाहिजे, ब्रश लूप झटकतो आणि मोटर धूळ ओढून घेते, आणि तोसुद्धा सावकाश मारायचा, एकदा पुढे, एकदा मागे. फिल्टर हेपा घ्या कारण एसी ऑफिसात तीच हवा फिरत राहते, साध्या फिल्टरमधून बारीक धूळ मागून परत डेस्कवर. बॅग गच्च भरेपर्यंत थांबू नका, अर्ध्याच्या पुढे गेली की ओढ कमी व्हायला लागते. खात्री करायची असेल तर आत्ताच व्हॅक्यूम मारलाय असं जिथे सांगतील तिथली एक टाइल काढा, पांढऱ्या कागदावर उलटी धरा आणि पाठीवर चार-पाच थापट्या मारा. कागदावर काय पडतं ते सुपरवायझरलाच दाखवा, वेगळं बोलावं लागत नाही.

धुवायची वेळ आली तर दोन रस्ते. पहिला एनकॅप्सुलेशन: अगदी कमी पाण्यात केमिकल फवारायचं, उलटसुलट फिरणाऱ्या दोन ब्रशच्या मशीनने घोळवायचं, केमिकल घाणीभोवती गुंडाळून कोरड्या चुऱ्यासारखं सुकतं आणि पुढच्या व्हॅक्यूममध्ये निघून जातं. एक-दोन तासांत कार्पेट वापरायला मोकळं. टाइलसाठी आमची पसंती हीच. दुसरा एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे प्रेशरने गरम पाणी मारायचं आणि लगेच ओढून घ्यायचं. खोलवर बसलेल्या घाणीला हाच उपाय, पण सुकायला सहा-आठ तास सहज लागतात, पावसाळ्यात तर दुसरा दिवस उजाडतो. आणि लोक करतात काय, शनिवारी धुऊन घेतात, एसी बंद, खिडक्या बंद, सोमवारी दार उघडलं की कुबट वास! धुतल्यावर एसी नाहीतर ब्लोअर चालू राहणार नसेल तर त्या दिवशी काम काढूच नका, आम्ही तयार असलो तरी.

धुतल्यावर डाग गेला आणि दोन दिवसांनी तिथेच उगवला, ही तक्रार खूप येते. पाणी जास्त झालं की तळातली घाण सुकता सुकता धाग्यातून वर चढते, एवढंच. आणि साबण आत राहिला तर तो चिकट असतो, येणारी धूळ धरून ठेवतो, म्हणून जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ असं समजणाऱ्यांचं कार्पेट सगळ्यात लवकर काळं पडतं.

डागांचं थोडक्यात. चहा सांडला की घासू नका, टिशू दाबून टिपून घ्या, मग थोडं साधं पाणी आणि परत टिपा. प्रिंटरचा टोनर सांडला तर गरम पाणी अजिबात नको, तो वितळून धाग्याला धरतो, हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने कोरडाच ओढा. खंडेनवमीला सर्व्हर रूममध्ये पूजा झाली की आम्हाला हमखास फोन येतो, हळद सांडलीय, साबण लावला तर लाल झाली! होणारच, साबणात अल्कली (क्षार) असते आणि हळद अल्कलीत लाल होते, हळदीत चुना घातला की होतं तेच. कोरडी हळद आधी व्हॅक्यूमने काढा, साबण लावू नका, मग ती टाइलच उचलून गच्चीवर उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हात उडतो. हे गालिच्याला जमलं नसतं, टाइलचा खरा फायदा हाच.

त्याच फायद्यासाठी टाइल बसवतानाच शंभरामागे चार-पाच जादा घेऊन ठेवा, एकाच लॉटच्या. नंतर मागवल्या की शेड हमखास वेगळी येते. जादा नसतील तर कपाटाखालची काढून पँट्रीसमोर लावा, फक्त पाठीवरचा बाण आधीच्याच दिशेला येऊ द्या.

मशीन कुठली घ्यायची? पैसे एकाच मशीनपुरते असतील तर उभा व्हॅक्यूम घ्या, दुसरा विचार नको. दोन-तीन मजले असतील आणि स्वतःची हाउसकीपिंग टीम असेल तर सोबत दोन ब्रशचं मशीन परवडतं. एक्स्ट्रॅक्शन मशीन वर्षातून एक-दोनदा लागणार, ते भाड्याने आणा नाहीतर आम्हाला बोलवा, विकत घेऊन स्टोअर रूममध्ये धूळ खात पडलेली आम्ही खूप बघतो. तरी घेणारच असाल तर पाणी किती जोरात मारतं यापेक्षा परत किती ओढून घेतं ते बघा, धुतल्यावर तळहात दाबला तर हात दमट लागावा, ओला नाही. ब्रश, बेल्ट, बॅग पुण्यात मिळतात का ते आधी विचारा, वायर किती लांब आहे ते बघा, आणि डेमो विक्रेत्याने आणलेल्या सॅम्पलवर न बघता तुमच्या पँट्रीसमोरच्या टाइलवर बघा.

कोटेशन पाहिजे असेल तर व्हॉट्सॲपवर एवढं पाठवा: कार्पेटचे स्क्वेअर फूट, एका टाइलच्या पाठीचा फोटो, खाली रेझ्ड फ्लोअर आहे की नाही, आणि शनिवार-रविवार एसी चालू ठेवता येतो का. नुसता डागाचा फोटो पाठवला तर आम्हाला रेट सांगता येत नाही.