लॉनमोवर शर्यत : यंत्राची बांधणी आणि फेरबदल

हिरवळ कापण्याच्या यंत्रांची, म्हणजे लॉनमोवरची, आखलेल्या धावमार्गावर होणारी शर्यत व त्यासाठी या यंत्रांत केले जाणारे फेरबदल. मोटारक्रीडेचा हा प्रकार मुख्यतः ब्रिटन व अमेरिकेत रुजला आहे. त्यात बसून चालवायचे मोवर प्रामुख्याने उतरवतात आणि गवत कापणारे पाते शर्यतीपूर्वी काढून टाकणे सक्तीचे असते. लांबून पाहणाऱ्याला हा गमतीचा खेळ वाटतो. ताशी ८ किमी वेगासाठी घडवलेले यंत्र ताशी ५० किमीच्या पुढे नेऊन वळणावर उभे ठेवणे हे मात्र यंत्रकामातले कसाचे काम आहे.

लॉनमोवरचा शोध इंग्लंडमध्ये लागला. ग्लॉस्टरशरमधील स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग याने १८३० मध्ये दंडगोलाकार पात्यांच्या यंत्राचे पेटंट घेतले. शर्यतींचा उगमही इंग्लंडमध्येच, १९७३ साली झाला. वेस्ट ससेक्समधील विझबरो ग्रीन या गावच्या क्रिकेटर्स आर्म्स या मद्यगृहात जिम गॅव्हिन आणि त्याचे मित्र बसले होते. रॅलीचा शौक असलेल्या या मंडळींना मोटारशर्यतीचा वाढता खर्च आणि प्रायोजकांचा वरचष्मा खुपत होता. समोरच्या क्रिकेटच्या मैदानावर गवत कापणे चालू होते. घरोघरी पडून असलेले हेच यंत्र पळवावे असे ठरले, आणि त्यातून ब्रिटिश लॉन मोवर रेसिंग असोसिएशन उभी राहिली. प्रायोजक नाहीत, रोख बक्षीस नाही आणि इंजिनाची ताकद वाढवायची नाही, हे तिचे मूळ नियम. स्वस्ताई टिकवण्यासाठी केलेल्या या नियमांनीच यंत्रबांधणीला वळण दिले. इंजिनाला हात लावता येत नसल्याने सारी बुद्धी गिअरिंग (इंजिनाच्या आणि चाकाच्या फेऱ्यांचे प्रमाण), आस, सुकाणू आणि वजनाची मांडणी यांत ओतावी लागते.

ब्रिटनमध्ये यंत्रांचे चार गट मानले जातात : मागे धावत चालवायचे, रोलरवर चालणारे व मागे ओढत्या आसनाचे, चाकांवरचे व बसून चालवायचे पण बॉनेट नसलेले, आणि बॉनेट असलेले छोटे ट्रॅक्टरवजा मोवर. मूळ यंत्र घरगुती हिरवळीसाठी बनवून बाजारात विकलेले असले पाहिजे. आधी शर्यतीचे यंत्र बांधायचे आणि वर मोवरचा पत्रा चढवायचा, ही पळवाट त्यामुळे बंद होते.

अमेरिकेत इंडियाना राज्यातील ट्वेल्व्ह माइल या गावी १९६३ पासून ४ जुलैला मोवरची शर्यत होत आली आहे. देशव्यापी संघटना मात्र १९९२ मध्ये निघाली, तीही इंधन टिकवणारे रसायन विकणाऱ्या एका कंपनीच्या पाठबळावर. प्रायोजकाला दूर ठेवण्यासाठी ब्रिटनमध्ये जन्मलेला खेळ अमेरिकेत प्रायोजकाच्याच आधाराने वाढला. तेथे जवळजवळ मूळ स्थितीतल्या यंत्रापासून पूर्ण बदललेल्या यंत्रापर्यंत अनेक वर्ग असतात आणि वरच्या वर्गांत इंजिन बदलण्याचीही मुभा असते.

बांधणी जुन्या, पण सांगाडा न गंजलेल्या मोवरपासून सुरू होते. पाते, त्यावरचे पत्र्याचे आवरण आणि त्यांना फिरवणारा पट्टा प्रथम उतरवतात. दाबलेल्या पत्र्याचा सांगाडा हळू कामासाठी पुरेसा असतो; वेगात तो पिळवटतो आणि इंजिनाच्या बैठकीपाशी तडकतो. म्हणून आतून चौकोनी पाइप वेल्ड करून तो ताठ करतात.

त्यानंतर गिअरिंगचा प्रश्न येतो. बहुतेक मोवरचे इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांपर्यंत बांधलेले असते. मागचे चाक २० इंच व्यासाचे धरले तर त्याचा घेर सुमारे १.६ मीटर होतो. ताशी ८ किमी वेगाला हे चाक मिनिटाला जेमतेम ८३ फेरे घेते, म्हणजे इंजिन आणि चाक यांत सुमारे ४३ पट घट असते. चाक १६ इंचांचे केले आणि वेग ताशी ५० किमी हवा असेल, तर चाकाला मिनिटाला ६५० फेरे घ्यावे लागतात आणि घट साडेपाच पटींवर आणावी लागते. इंजिन तेच, अश्वशक्ती तीच. फरक सगळा मधल्या पुल्या आणि दातेरी चक्रांत.

नवशिक्या बहुधा पुल्यांची अदलाबदल करून पाहतो. समजा, इंजिनावर ३ इंचांची आणि गिअरबॉक्सवर ६ इंचांची पुली आहे. त्या उलट्या बसवल्या की वेग एकदम चौपट होतो, ताशी ८ चा ३२ किमी. खर्च जवळजवळ शून्य. पण मिनिटाला १,८०० फेरे घेणारा गिअरबॉक्सचा दांडा आता ७,२०० फेरे घेऊ लागतो. आतले ग्रीस पातळ होऊन फेकले जाते, बुश तापतात आणि गिअरबॉक्स बसतो. त्यामुळे अनुभवी बांधणारे मूळ गिअरबॉक्स काढून काटकोनी गिअरबॉक्स घालतात आणि पुढे साखळीने सरळ आसेला जोर देतात. काटकोनी असण्याचे कारण सरळ आहे : पाते आडवे फिरत असल्याने मोवरच्या इंजिनाचा दांडा उभा, खाली तोंड करून असतो, आणि चाकाची आस आडवी. क्लच म्हणून पट्टाच वापरतात. सैल पट्टा घसरतो, ताण देणारी पुली पायाने दाबली की तो ओढू लागतो. पट्टा पुलीवरून निसटू नये म्हणून दोन्ही पुल्यांजवळ सळईचे अडसर लावतात. ते पट्ट्यापासून इतक्याच अंतरावर हवेत की ताणलेला पट्टा घासणार नाही आणि सैल पट्टा बाहेर पडणार नाही.

इंजिन बहुधा एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे असते. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या, खडबडीत वाटेवर धावणाऱ्या गाड्यांच्या बाहा एसएईइंडिया स्पर्धेसाठी गाडी बांधलेल्या पुण्या-मुंबईकडच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना ब्रिग्स अँड स्ट्रॅटनची या कुळातली इंजिने परिचित असतात. या इंजिनांत गव्हर्नर नावाची व्यवस्था फेऱ्यांवर मर्यादा घालते. ती काढली की फेरे भराभर चढतात, म्हणून तिच्यावर पहिला डोळा जातो. येथे सावध राहणे अत्यावश्यक आहे. फिरत्या भागांवरील ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ३,६०० चे ५,४०० केले तर ताण सव्वादोन पट, ७,२०० केले तर चौपट. साध्या मोवरचा ओतीव फ्लायव्हील (इंजिनाच्या दांड्यावरचे जड चाक) आणि पिस्टनला त्या दांड्याशी जोडणारा ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड या ताणासाठी केलेला नसतो. रॉड तुटला तर तो इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. फ्लायव्हील फुटला तर त्याचे तुकडे चालकाच्या पायांच्या आणि पोटाच्या उंचीवर उडतात. गव्हर्नर काढायला परवानगी असलेल्या वर्गांत म्हणूनच अखंड धातूतून कोरलेला फ्लायव्हील, मजबूत रॉड आणि कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा घालतात. हा खर्च झेपत नसेल तर गव्हर्नरला हात लावू नये. वेग गिअरिंगमधूनही मिळतो, आणि त्या मार्गात कोणाचा पाय जात नाही.

तेलाचीही अडचण असते. अशा अनेक इंजिनांत तेलाचा पंप नसतो, खालच्या टाकीतले तेल उडवून भागांवर शिंपडले जाते. लांबलचक वळणावर तेल एका बाजूला सरकते आणि बेअरिंग कोरडे पडते. म्हणून तेलाची पातळी शर्यतीगणिक पाहण्याची सवय लावतात.

मोवर उंच, अरुंद आणि डोक्याकडे जड असतो, त्यामुळे तो सहज उलटतो. इंजिन आणि आसन खाली आणणे हा यावरचा सर्वांत गुणकारी उपाय. पुढची आस उंचसखल जमिनीसाठी मध्यावर झुलती ठेवलेली असते. शर्यतीत तिचे झुलणे अडसर घालून अगदी थोडे ठेवतात किंवा ती पक्की करतात. मागे डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी, असेल तर वळणावर हलके झालेले आतले चाक नुसते गरगरते. ते टाळायला दोन्ही चाके एकाच अखंड आसेवर बसवतात. मग मात्र यंत्र वळायला कुरकुरते आणि नाक सरळ पुढे नेते. गो-कार्टप्रमाणे, पुढचे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते तिला मागे कल दिला, की सुकाणू फिरवताना आतले मागचे चाक किंचित उचलले जाते आणि यंत्र वळते. मूळ सुकाणूची दातेरी पट्टी फार ढिली असते. तिच्या जागी बॉल जॉइंटचे थेट जोडदांडे घालतात. चालक वळणावर अर्धे अंग आतल्या बाजूला बाहेर काढून झुकतो, आणि त्याचे वजन एकूण वजनाचा मोठा हिस्सा असल्याने त्याचा परिणाम चटकन दिसतो.

ब्रेककडे नवखे लोक सर्वांत शेवटी पाहतात, हे चुकते. ताशी ८ किमीवरून ५० किमीवर गेले की थांबवायची गतिज ऊर्जा सुमारे ३९ पट होते. मूळचा चिमुकला ब्रेक त्यात जळून जातो. मागच्या आसेवर डिस्क बसवणे आणि तिची परीक्षा वेग वाढवण्याआधी घेणे हा योग्य क्रम.

आसनाला पट्टा नसतो आणि वर पिंजराही नसतो, कारण यंत्र उलटले तर चालक त्यापासून दूर फेकला जाणे बरे. फेकल्या गेलेल्या चालकामागे चालू यंत्र धावू नये म्हणून किल स्विच असतो. त्याची दोरी चालकाच्या अंगाला बांधलेली असते. ती सुटली की इंजिन बंद पडते. मॅग्नेटोवर, म्हणजे ठिणगीची वीज स्वतःच तयार करणाऱ्या यंत्रणेवर, चालणारे इंजिन बॅटरीची तार तोडून थांबत नाही. मॅग्नेटोची तार सांगाड्याला टेकवून, म्हणजे अर्थ करून, ते थांबवावे लागते. यातला धोका नीट समजून घ्यायला हवा : ही तार मध्येच तुटली तर स्विच निकामी होतो आणि इंजिन मजेत चालू राहते. त्यामुळे दर शर्यतीआधी इंजिन चालू ठेवून दोरी ओढून पाहतात. थ्रॉटलला एकाऐवजी दोन स्प्रिंगा, साखळीवर आणि पट्ट्यावर आवरण, हेल्मेट, हातमोजे आणि घोट्यावर चढणारे बूट यांत तडजोड नको.

या खेळाची खरी कसोटी ससेक्समधील १२ तासांची शर्यत. ती १९७८ पासून होत आली आहे. तीन चालकांचा संघ शनिवारी संध्याकाळी निघतो आणि रविवारी सकाळपर्यंत आळीपाळीने एकच यंत्र पळवतो. मोटारशर्यतपटू स्टर्लिंग मॉस आणि ल मान्सची २४ तासांची मोटारशर्यत पाच वेळा जिंकणारा डेरेक बेल यांनी ती एकत्र जिंकली आहे. अभिनेता ऑलिव्हर रीड आपला संघ उतरवत असे. शेतातल्या खड्ड्यांत रात्रभर आदळून नट सैल होतात, वेल्ड तडकतात, दिव्यांच्या तारा तुटतात. यात एका फेरीचा वेग फारसा कामाचा नसतो. हाताशी येईल असा बोल्ट, दोन मिनिटांत बदलता येणारी साखळी आणि नायलॉनच्या कड्यामुळे सैल न होणारे नायलॉक नट यांवर निकाल ठरतो.

विक्रमासाठी बांधलेली यंत्रे वेगळ्या जातीची. २०१० मध्ये वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर डॉन वेल्स याने ताशी १४१ किमी वेग गाठला. मोटार आणि बोटींच्या वेगविक्रमांसाठी गाजलेला माल्कम कॅम्पबेल हा त्याचा आजोबा. २०१४ मध्ये होंडाच्या यंत्राने स्पेनमधील चाचणीमार्गावर ताशी १८७ किमीचा टप्पा ओलांडला. त्यात मोटारसायकलचे १,००० सीसीचे इंजिन होते. २०१९ च्या पुढच्या आवृत्तीने जर्मनीत शर्यतचालक जेस हॉकिन्सच्या हाती ताशी २४० किमीच्या वर मजल मारली. पाते काढून धावणाऱ्या शर्यतीच्या यंत्रांना जे बंधन नाही ते या यंत्रांना असते : त्यांना गवत कापता आले पाहिजे. होंडाने त्यासाठी कापण्याची वेगळी, विजेच्या मोटरवर चालणारी जोडणी बसवली होती.