चिप डोक्यात, कंपनी डबघाईला

मेंदूत चिप बसवायची म्हटलं की लोक बिचकतात आणि तंत्रज्ञ मंडळी त्याला अडाणीपणाची भीती म्हणून मोकळी होतात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीतलं चित्र मात्र वेगळं आहे. बुद्धी तल्लख करणाऱ्या चिपा सर्रास वापरात येणं समाजाच्या भल्याचं आहे, असं जेमतेम १३ टक्के लोकांना वाटलं. पण हीच चिप लुळ्या पडलेल्या माणसाची हालचाल सुधारणार असेल तर? ७७ टक्के लोक बाजूने. म्हणजे त्यांचा विज्ञानावर राग नाही. कशासाठी आणि कुणाच्या हातात, हे ते विचारताहेत.

आणि का विचारू नये? कॅलिफोर्नियातल्या ‘सेकंड साइट’ कंपनीचं उदाहरण घ्या. तिचं ‘आर्गस २’ हे यंत्र रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजाराने दृष्टी गेलेल्यांसाठी होतं. या आजारात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, पण दृष्टिपटलातल्या पुढच्या चेतापेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात. त्यांना विजेचा हलका स्पंद दिला की मेंदूला उजेडाचा ठिपका दिसतो. चष्म्यावर कॅमेरा, अंगावर बाळगायची एक डबी आणि डोळ्यात ६० इलेक्ट्रोड. एवढ्यावर दाराची चौकट किंवा रस्त्यावरचे झेब्रा पट्टे ओळखता यायचे. किंमत सुमारे दीड लाख डॉलर. अमेरिकेत २०१३ मध्ये परवानगी मिळाली आणि जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतलं.

२०१९ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवलं. मार्च २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना नारळ दिला. डबी बिघडली तर नवी मिळेना. एका रुग्णाला एमआरआय करायची वेळ आली. डोळ्यात हे यंत्र असताना ती करावी का, हे कंपनीला विचारूनच ठरवायचं होतं, आणि कंपनीकडून उत्तरच येईना. याच कंपनीने तोवर थेट मेंदूच्या दृष्टिकेंद्रावर बसणारं ‘ओरायन’ हे यंत्र सहा जणांच्या डोक्यात प्रयोग म्हणून बसवलंही होतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आजची चिप मनातले विचार वाचत नाही. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीच्या चिपेला १,०२४ इलेक्ट्रोड आहेत. ते हालचालीच्या केंद्रातल्या मूठभर पेशींची कुजबुज ऐकतात आणि ‘हात उजवीकडे न्यायचा आहे’ एवढा अंदाज सॉफ्टवेअर बांधतं. हे संकेत रोज थोडे बदलतात, इलेक्ट्रोड सरकतात, भोवती व्रणासारख्या पेशी साचतात. म्हणून अंदाजाचं गणित सतत नव्याने जुळवावं लागतं. खरी मेख इथे आहे. अशा यंत्राचा ताबा विकत घेता येत नाही. घेतो ते कंपनीशी असलेलं नातं, आणि ते कधी तोडायचं हे कंपनी ठरवते.

न्यूरालिंकच्या पहिल्या रुग्णावर जानेवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. बातमी फुटली ती इलॉन मस्क यांच्या ‘एक्स’वरच्या पोस्टमधून. पुढच्या काही आठवड्यांत, ज्यांवर हे इलेक्ट्रोड असतात त्या केसापेक्षा बारीक तारांपैकी सुमारे ८५ टक्के मेंदूतून बाहेर सरकल्या. सॉफ्टवेअर सुधारून, मेंदूच्या संकेतांवर चालणारा संगणकाचा कर्सर पुन्हा चालू लागला, हे कौतुकाचंच. पण तारा सरकल्याचं कंपनीने जाहीर केलं ते मे महिन्यात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही अडचण आधीच दिसली होती, असं रॉयटर्सने त्यानंतर छापलं. विश्वास उडायला चिप बिघडावीच लागते असं नाही.

सगळ्यात बोचरा किस्सा मेलबर्नचा. ‘न्यूरोव्हिस्टा’ कंपनीचं यंत्र १५ अपस्मारग्रस्तांना बसवलं होतं. फिट येण्याआधी इशारा देणं हे त्याचं काम. हातातल्या छोट्या उपकरणावर लाल दिवा लागला की बसून घ्यायचं, औषध घ्यायचं. यंत्र चांगलं चाललं, कंपनीकडचा पैसा संपला. रुग्णांना यंत्र काढून घ्यायला सांगण्यात आलं. एका बाईने नवऱ्यासह ते विकत घेण्याची खटपट केली, घर गहाण टाकण्याचीही तयारी दाखवली. उपयोग झाला नाही. या बाईची मुलाखत घेणारे टास्मानिया विद्यापीठाचे नीतितज्ज्ञ फ्रेडरिक गिल्बर्ट लिहितात की यंत्रासोबत आपलाच एक भाग गेला, असं तिला वाटत राहिलं.

खाजगी कंपन्या नकोतच, असं कुणी म्हणेल. ते पटत नाही. कंपवातावरची डीबीएस यंत्रं (मेंदूत खोलवर विजेचे स्पंद देणारी) आणि ऐकू येण्यासाठी कानात बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट खाजगी कंपन्याच बनवतात. डीबीएसच्या शस्त्रक्रिया मुंबईतही वर्षानुवर्षं होताहेत. फरक नियमांच्या वयाचा आहे: जुन्या यंत्रांचे नियम मुरलेले, नव्यांचे आता कुठे बनताहेत. चिलीने २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीला राज्यघटनेत संरक्षण दिलं. दोन वर्षांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘इमोटिव्ह’ कंपनीला एका माजी सिनेटरची मेंदूलहरींची नोंद पुसायला लावली. पण ते यंत्र डोक्यावर घालायचं होतं, काढून ठेवता येण्यासारखं.

आत बसलेल्या यंत्रासाठी माहितीच्या कायद्यापेक्षा साध्या गोष्टी लागतील: कंपनी बुडाली तरी दुरुस्तीसाठी आधीच बाजूला काढलेला पैसा, सॉफ्टवेअरची तिऱ्हाइताकडे ठेवलेली प्रत आणि ठरावीक मापाचे जोड. पेसमेकरमध्ये हे शेवटचं कधीच झालंय. एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या पेसमेकरला बसते, कारण जोडाचं माप आंतरराष्ट्रीय प्रमाणाने ठरलेलं आहे. मेंदूच्या यंत्रांत असं सर्वमान्य माप अजून नाही.